हात धरणारी खाला

मन्यारखालानं कधी कुणाला बांगडीचं माप विचारलं नाही. समोर बसलेल्या बाईचा हात ती आपल्या गुडघ्यावर ओढून घ्यायची, अंगठ्याखाली दोनदा दाबायची, की तिला कळायचं. "माप दुकानदार इचारतेत. मी हातालाच इचारते," म्हणायची. आमच्या गावच्या वेशीला लागून बांगड्यांची जुनी पेठ होती, तिथल्या एका दगडी ओट्यावर ती बसायची. तिथं तिच्या सासूनंही बांगड्या भरल्या होत्या. बाजारच्या दिवशी पालमच्या एसटीतून उतरलेल्या बाया आधी तिच्याकडे येत, मग किराण्याला जात.

बांगड्या पुड्यात बांधून ती देतच नसे. माझ्या जावेनं एकदा बहिणीसाठी डझनभर मागितल्या, तर म्हणाली, "बांगडी काय गूळ हाय का, बांधून द्यायला? हात घेऊन ये." जाऊबाई रुसल्या, पण पुढच्या बाजाराला बहिणीला चुडाव्याहून घेऊन आल्या.

तिचा आणखी एक नेम होता. एक हात भरून बाईला उठू द्यायचं नाही. पोर रडो, एसटी सुटो, दुसरा हात भरेपर्यंत ती बोटं सोडत नसे. माझ्या लग्नातला चुडा तिचाच, डोहाळजेवणाचाही तिचाच.

गेल्या वर्षी कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की ही जुनी पेठ पर्यटकांना दाखवायची. झालं. वेशीच्या काळ्या दगडाला गेरू फासला. ओटे उखडले आणि तिथं फोटो काढायला बाक टाकले. शेजारी भला थोरला फलक लावला, 'बांगड्यांची ऐतिहासिक पेठ'. त्यावर खालाचे हात छापलेत, नाव मात्र कुठंच नाही. आणि ते हात जिचे, तिला धाडलं मागच्या नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, काचेच्या काउंटरमागे. म्हणे वारसा जपतोय. जिचं सगळं काम हात धरण्याचं, तिनं मध्ये काच ठेवून हात धरायचा कसा, हे विचारायची एकालाही बुद्धी झाली नाही.

"दुकान बेस दिलंय," खाला म्हणाली. "पण बाई तिकडं आन् मी इकडं. हात कुठं ठिवू?" मग ती सरळ बाहेर आली आणि गाळ्यापुढच्या वाटेत सतरंजी टाकून बसली.

उद्घाटनाला मी मुद्दाम तिच्यापुढे जाऊन बसले. माझा डावा हात भरून झाला, तेवढ्यात पाहुणे जिना चढू लागले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस धावत आला. "उठा ताई, वाट मोकळी करा. तुम्ही फोटोत येताय."

खालानं माझा उजवा हात घट्ट धरला. "बस गं. एक हात भरून उठू नगंस."

सगळे आमच्याकडे बघत होते. मला लाज वाटली. मी हात सोडवून घेतला आणि उठले. एवढ्यावर थांबले नाही. पेठेच्या वैभवावर भाषण झालं, तेव्हा टाळ्याही वाजवल्या.

पुढच्या बाजाराला गाळा बंद होता. खाला पूर्णेला लेकीकडे राहायला गेली होती. दोन महिन्यांनी धीर करून मी तिकडे गेले. तिनं चहा केला, माझ्या लेकराची चौकशी केली. मी विचारलं, "खाला, माझा राग आला का?"

"तुझा कशाला राग येतोय, बेटा." तिनं माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पर एक सांग. तू उठली नसतीस, तर त्यांनी काय केलं असतं?"

काही केलं नसतं. बाजूनं निघून गेले असते. हे मला उठतानाही ठाऊक होतं.