साडूंचे तीन चार्जिंग पॉइंट

विजेवर माझ्या साडूंइतका विश्वास अख्ख्या नाशकात दुसऱ्या कुणी टाकला नसेल, आणि विजेने त्यांच्याइतका दगाही दुसऱ्या कुणाला दिला नसेल. रस्त्यावरचे दिवे, बागा, सार्वजनिक इमारतींचं वायरिंग सांभाळणाऱ्या खात्यात ते ओव्हरसियर होते. लग्नकार्याला गेले की आधी मांडवातलं वायरिंग बघायचे आणि मग नवरानवरी. माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस स्टेजच्या मागे पालथा पडून एका उघड्या वायरला टेप गुंडाळत होता. आमच्या अल्बममध्ये त्यांचे फक्त पाय आहेत. "सगळे तांदूळ टाकत होते, कुणीतरी तुम्हाला वाचवायला नको का?" असं ते पुढे कितीतरी वर्षं ऐकवत. डिझेलचा मात्र त्यांना मनस्वी राग. द्वारका चौकातल्या सिग्नलला स्वतःच्या गाडीवरून उतरून ते रिक्षावाल्यांना सांगायचे, "इंजिन बंद करा राव, मागे माणसं श्वास घेतायत." एकदा एक रिक्षावाला वैतागला. "बंद केली तर परत चालू नाय होत काका. तुम्ही ढकलनार का?" साडूंनी पायजमा वर खोचला आणि सिग्नल सुटल्यावर ती रिक्षा चौक ओलांडेपर्यंत ढकलली. रिक्षावाला ओशाळला, आत बसलेली गिऱ्हाइकं मात्र उतरली नाहीत.

या रागामागे ताई होत्या, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना दमा. घर नाशिक रोडला, स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली दिवसभर धूर ओकणाऱ्या डिझेल रिक्षांची रांग. ताई खिडक्या लावून आणि पदर नाकाशी धरून संसार करत होत्या. दोन हजार सालानंतर बाजारात बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर आल्या, तेव्हा साडूंनी जुनी स्कूटर काढून टाकून पहिल्या झटक्यात एक घेतली. कंपनी सांगायची साठ किलोमीटर. दोघं बसली की ती पंचविसातच मान टाकायची. चार्जिंगसाठी साडू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वायर सोडत. सोसायटीत कुरकुर झाली, पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तर त्या वायरवर टॉवेल वाळत घातला. साडूंनी नवी वायर आणली, टॉवेलसकट चालेल अशी जाड.

मग त्यांच्या डोक्यात आलं की गाडी घरीच कशाला चार्ज करायची? शहरात जागोजागी सोय हवी. ते दिवस लोडशेडिंगचे. खात्यातले साहेब म्हणाले, "अहो, लोकांच्या घरात पंखा फिरत नाही आणि तुम्ही गाड्यांना वीज पाजायला निघालात?" तरी साडू दर सोमवारी नवा अर्ज घेऊन उभे. त्यांनी चार जागा सुचवल्या होत्या: दवाखाना, नाट्यगृह, बाग आणि स्मशानभूमी. "स्मशानात गाडी कोण चार्ज करणार?" साहेबांनी विचारलं. साडू गंभीरपणे म्हणाले, "साहेब, माणूस तिथे तीन तास तरी थांबतो. दुसरीकडे कुठे थांबतो?" स्मशान तेवढं खोडलं गेलं, बाकी तीन मंजूर झाल्या. पत्र्याची हिरवी पेटी, आत दोन सॉकेट, वर साडूंनी स्वतः रंगवलेलं विजेचं चिन्ह. बॅटरीच्या गाड्या शहरात बोटावर मोजण्याइतक्या. दवाखान्याच्या पेटीवर पेशंटचे नातेवाईक मोबाइल लावत, नाट्यगृहाच्या पेटीवर वडापाववाल्याचा दिवा लागे. साडू तरीही खूश. मला फोन करून सांगत, "वापर होतोय, वापर होतोय!"

एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, ताईंना दम लागला. सकाळपासून वीज नव्हती, गाडी अर्धीच चार्ज झालेली. रिक्षाच्या धुराने आणखी त्रास होईल म्हणून साडूंनी त्यांना स्कूटरवरच बसवलं आणि दवाखान्याकडे निघाले. गाडी बागेपर्यंत आली आणि थांबली. पण बागेपाशी तर त्यांचीच पेटी होती. ताईंना फाटकाजवळच्या बाकावर बसवून त्यांनी प्लग लावला. वीज नव्हती. बागेचा माळी म्हणाला, "साहेब, येईल एवढ्यात. टाइम झालाय." साडू पेटीवर हात ठेवून उभे राहिले. ताई दोनदा म्हणाल्या, "अहो, रिक्षा बघा. मी नाक दाबून बसेन." साडू म्हणाले, "पाच मिनिटं. आत्ता येईल." त्या पाच मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. शेवटी माळ्यानेच पळत जाऊन रिक्षा आणली. ताई आठवडाभर दवाखान्यात होत्या, घरी काही परत आल्या नाहीत.

हे सगळं साडूंनी स्वतःच, काही न लपवता, बाराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. नसतं सांगितलं तर कुणाला कळलंही नसतं. माझ्या बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. "माझ्या बहिणीला त्यांनी बाकावर बसवून ठेवलं," एवढंच ती म्हणायची. मी अधूनमधून एकटाच जाऊन यायचो. साडू दार उघडायचे, चहा करायचे, आणि पिऊन झाला की दोन्ही कप विसळून ठेवायचे.

वर्षभराने बायको मैत्रिणीच्या नातवाला घेऊन त्या बागेत गेली होती. घरी आली ती तडक स्वयंपाकघरात. तिथूनच म्हणाली, "त्या पेटीखाली पाटी लावलीय त्यांनी. तुम्ही पाहिलीत?" दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिली. साडूंच्या वळणदार अक्षरात त्या आठवड्याच्या लोडशेडिंगच्या वेळा खडूने लिहिलेल्या होत्या. खाली, तेलरंगात कायमचं: 'सोबत आजारी माणूस असल्यास येथे थांबू नये. त्वरित रिक्षा करावी.' माळी म्हणाला, अशा पाट्या तिन्ही ठिकाणी आहेत, साहेब दर रविवारी येऊन वेळा बदलून जातात. रिटायर झाले तरी येतात.

त्या संध्याकाळी बायकोने भरलेल्या वांग्यांचा डबा माझ्या हातात दिला. मी तो घेऊन थेट नाशिक रोडला गेलो. साडूंनी डबा उघडला, वास घेतला आणि तो मांडीवर धरून बसले. मग बोलू लागले.

"पेट्रोलच्या स्कूटरवर आम्ही पंचवीस वर्षं फिरलो. ही मागून काही बोलायची, मला ऐकूच यायचं नाही. मी नुसता 'हो हो' करायचो. या गाडीला आवाजच नाही ना. पहिल्यांदा निघालो तेव्हा कळलं, ही सबंध रस्ताभर बोलत असते."

"काय बोलायच्या?" मी विचारलं.

"काही नाही हो. कुणाच्या गॅलरीत कुठली कुंडी आहे, कुणी घराला कसला रंग दिलाय." त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "दोनच वर्षं ऐकायला मिळालं."