खंडेनवमीला भरलेली डिस्क

मी मूळची अकोल्याची, आणि डोक्यानं तापट. वारज्याच्या एका हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळायचे. काम घर आवरण्यासारखंच: जुनं काढा, नव्याला जागा करा. आळस केला की एक दिवस पाय ठेवायलाही जागा उरत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या साहेबांनी सर्व्हरची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढे, सगळं साग्रसंगीत. त्यांचे वडील खडकीला कारखान्यात होते, तेव्हा नवमीला पूजलेल्या यंत्राला हात लावायचा नाही हे त्यांचं बाळकडू. मी म्हटलं, "सर, डिस्क काठोकाठ आलीय. जुन्या फायली आजच काढायला हव्यात."

"अहो, वर्षभर काढताच की. एक दिवस देवाला द्या. उद्या बघू."

मी चडफडत जागेवर जाऊन बसले.

दुपारी स्कॅनच्या खोलीतून फोन आला. बांधकामावरून पडलेला एक माणूस आणला होता. डोक्याला मार, शुद्ध हरपत चाललेली, आणि मशीन स्कॅन घेईना! सकाळपासूनची चित्रं सर्व्हरवर जागा नाही म्हणून मशीनमध्येच साचली होती आणि आता तेही भरलं होतं. सर्जन फोनवर ओरडत होते, "आत रक्त कुठं साचलंय ते दिसल्याशिवाय कवटी उघडू कुठून? दुसरीकडे न्यायचं म्हटलं तर हा वाटेतच जाईल!"

घ्या, आता पावला देव. मी धावत सर्व्हरच्या खोलीत गेले, हार बाजूला सारला आणि बसले. चित्र साठवता येत नाही, ही एकच तक्रार प्रोग्रॅम सकाळपासून एका फाइलीत लिहीत बसला होता आणि ती फाइल फुगून डिस्क गिळून बसली होती. मी ती उडवली. तरी जागा सुटेना. प्रोग्रॅमनं ती फाइल अजून धरून ठेवली होती. तो बंद करून पुन्हा सुरू केला तरच सोडणार. पण गच्च डिस्कवर बंद केलेला प्रोग्रॅम नीट उठेलच याची खात्री कोण देणार? नाही उठला, तर या माणसाचा स्कॅन तर नाहीच, शिवाय सगळ्या पेशंटांची जुनी चित्रंही अडकणार.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "थांबा, मी कंपनीच्या माणसाला फोन लावतो."

"त्याला आज सुट्टी आहे, सर."

"मग जरा थांबा हो!"

"मी थांबते. खाली तो पेशंट थांबणार आहे का?" मी इतक्या जोरात ओरडले की साहेब एक पाऊल मागे सरकले. आणि मी प्रोग्रॅम बंद केला.

डिस्कवर जागा दिसली. प्रोग्रॅम मात्र उठायचं नाव घेईना. साहेब पुटपुटत होते. स्तोत्र होतं की शिव्या, कुणास ठाऊक. मग एकदाचा तो उठला, अडकलेली चित्रं भराभर यायला लागली आणि थोड्या वेळानं खालून निरोप आला, स्कॅन झाला. मला रडूच फुटलं.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी आणि साहेबही तिथंच जाऊन थांबलो. संध्याकाळ झाल्यावर सर्जन बाहेर आले. म्हणाले, वाचला, हातपाय हलवतोय.

बाई उठल्या, डोळे पुसले आणि साहेबांसमोर हात जोडले.

"चुकलं आमचं, साहेब. मशीनची पूजा हाय, मगाशी आत बोलत हुते. आमच्यापायी तुमाला आजच्या दिवशी त्याला हात लावायला लागला. मी ह्यास्नी म्हनलं हुतं, नवमी हाय, आज कामावर जाऊ नगा. पर मुकादमानं सुट्टी दिली न्हाई."