सोवळ्याची खोली

"अगं ए, हात काढ! विटाळलंस ना सगळं!"

सर हे मराठीत बोलले. लॅब हिंदी बोलणाऱ्यांनी भरलेली होती. कुणाला कळलं नाही. मला कळलं.

माझ्या हातात फ्लास्क होता. आत यकृताच्या कॅन्सरच्या पेशी. त्यांच्यावर बुरशी आली होती, कापसाच्या धाग्यांसारखी तरंगत. बुरशी कुठल्याही लॅबमध्ये येते, बहुतेकदा पेशी उबेत ठेवायच्या पेटीतल्या पाण्यातून. माझ्या सीनियरच्या फ्लास्कमध्ये आली तेव्हा सर हसून म्हणाले होते, "अरे भाई, इन्क्यूबेटर का पानी बदलो." माझ्या वेळी त्यांना पाणी आठवलं नाही. माझे हात आठवले.

पेशी वाढवायच्या खोलीत हातमोजे घालून, स्पिरिटने सगळं पुसून शिरायचं. सर तिला 'सोवळ्याची खोली' म्हणत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत, अमृतराव घाटावरच्या गल्लीत. मला वाटायचं, गंमत करतात. पहिल्या दिवशी केवढे खूश झाले होते! "अरे वा, मराठी मुलगी! घरी ये एकदा पुरणपोळी खायला." मग गाव विचारलं. मग आडनाव. पुरणपोळी पुन्हा निघाली नाही.

त्या फ्लास्कमधल्या पेशी माझ्या बाबांच्या होत्या.

बाबा नागपूरकडचे, रेल्वेच्या नोकरीने इथे आलेले. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, गाठीचा तुकडा संशोधनाला देता का? बाबा हसले. "घ्या की. मी शिकलो नाही, माझं लिव्हर तरी युनिव्हर्सिटीत जाईल." पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. त्यांना जाळलं, राख गंगेत सोडली. पेशी मात्र आमच्या लॅबमध्ये जगल्या. गाठीतून काढलेल्या पेशी सहसा मरतात. ह्या मरेनात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. ज्याने बाबांना मारलं, त्यांचं तेवढंच जिवंत राहिलं.

डोळे मिटले की मला बाबांचा चेहरा दिसत नाही. पेशी दिसतात. एकमेकींना चिकटून, गर्दी करून. मी घरी आले की आई विचारायची, "आज कसे आहेत गं ते?"

मी म्हणायचे, "बरे आहेत."

दुसरं काय सांगणार?

सरांना हे सगळं माहीत होतं. "तुझे वडील गुणी हो, छान वाढतायत," असं कौतुक करायचे. त्याच तोंडाने विटाळाची भाषा काढली. बुरशीचा फ्लास्क फेकून दिला. गोठवून ठेवलेल्या बाबांच्या पेशी पुन्हा वाढवायला काढल्या. आणि मला दारातच थांबवलं. "तू आकडे बघ. आतलं बाकीचे बघतील." बाकीचे आत जाऊन बाबांना खायला घालायचे. मी काचेबाहेर उभी. मेल्यावर माणसाला एकदाच पोचवायचं असतं ना? मी रोज पोचवत होते.

मग लॅबची मीटिंग झाली. पुन्हा बुरशीचा विषय. मी म्हटलं, फ्लास्क मी हाताळत नाही, तरी आली. सर माझ्याकडे वाकले. हळू आवाजात, मराठीत: "तुमच्या लोकांना स्वच्छता शिकवावी लागते, बाई."

मराठी माझी घरातली भाषा. बाहेर सगळं हिंदी. बाबांशी मी शेवटचं मराठीत बोलले. तीच भाषा ह्या माणसाने आडोसा केली. साक्षीदार नको म्हणून.

मी उभी राहिले. शब्दाला शब्द हिंदी केलं.

"सर ने अभी मराठी में कहा, तुम लोगों को सफ़ाई सिखानी पड़ती है. उस दिन कहा था, तूने छूकर सब अपवित्र कर दिया. मेरे बाप का लिवर अंदर चलता है. मेरा हाथ नहीं चलता. क्यों?"

सर पांढरे पडले. "अगं, घरातलं बोलणं असं चारचौघांत काढतात का?"

"कुणाच्या घरातलं, सर?"

मी युनिव्हर्सिटीकडे लेखी तक्रार दिली आहे. आता समजूत घालायला माणसं येतात. "माफ़ी माँग लो, गाइड बदल लो, थीसिस निकल जाएगी." एक मराठी काकू घरी आल्या, "आपल्यातलेच आहेत गं, वयस्कर आहेत." आईने त्यांना पाणी दिलं आणि दार दाखवलं.

माफी मागणार नाही. गाइड बदलणार नाही. कॅन्सरवरचं हे काम माझं आहे आणि ते त्याच खोलीत होईल. उद्या सकाळी मी हातमोजे घालून आत शिरणार. पेशींचं खाणं बदलायचं आहे. ज्याला अडवायचं असेल त्याने सगळ्यांना कळेल अशा भाषेत, मोठ्याने, कारण सांगून अडवावं.