आठच्या बसची पायरी

थांबेकाकांची मोटार रोज निघायची, पण थांब्याच्या पुढे क्वचितच जायची. आमची वाडी उताराखाली आणि बस थांबते वर सड्यावर, कातळाच्या माळावर. सकाळी पावणेआठला काका गाडी काढत. काजूच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या सुमनताईंना आणि त्यांच्या दोघी मैत्रिणींना वाटेत घेत, चढण चढून गाडी फणसाखाली लावत आणि बसची वाट पाहत उभे राहत. पुढे रत्नागिरीपर्यंत सगळे बसने. म्हणूनच ते थांबेकाका; खरे आडनाव लग्नपत्रिकेवर छापण्यापुरतेच उरले होते.

पोस्टातून निवृत्त होऊनही त्यांना रोज शहरात काम असे. कुणाची औषधे, कुणाचा दुरुस्तीला टाकलेला चष्मा. मुंबईहून आलेले चाकरमानी थट्टा करत, "काका, पेट्रोल सड्यावरच संपतं काय हो?"

"नाय रे. चढ चढून दमते बिचारी. पुढं तिची मोठी बहीण नेते," काका म्हणत.

गाडीवर त्यांचा राग नव्हता. ती रोज पुसून लख्ख ठेवत. माणूस आजारी असेल तर थेट दवाखान्याच्या दारात नेत. बाकीच्यांना म्हणत, "हातपाय चालतायत ना? मग बस हाय की."

वाडीत एकामागून एक पाच गाड्या आल्या. त्यांतली एक माझी. मी शहरात वाचनालयात नोकरी करतो. गाडीने दहा मिनिटे उशिरा निघता येई, तेवढ्यात चार पाने वाचून होत. मग बातमी आली की आठच्या बसला प्रवासी नाहीत, फेरी बंद होणार. सुमनताईंची नोकरी त्या फेरीवर अवलंबून होती. दुसरी बस साडेदहाची, आणि कारखान्याचे दार नऊला बंद होई.

काका पाचही घरी गेले. माझ्या ओटीवर बसून म्हणाले, "भाऊ, गाडी विकायला सांगत नाय. आठवड्यातनं दोन दिवस तिला घरी ठेवा. तुमचा सोमवार आणि गुरुवार. तिकीट घ्यायचं, खिडकीजवळ बसायचं, पुस्तक वाचायचं. गाडी चालवताना वाचता काय?"

 काही आठवडे मी बसने गेलो. मग एका गुरुवारी आळस केला आणि गाडी काढली.

सड्यावर आलो तर बस उभी होती. काकांचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. त्यांचा पाय असा असेपर्यंत कंडक्टर घंटी देत नसे. ते उताराकडे पाहत होते. माझ्यासाठी त्यांनी बस थांबवून ठेवली होती. मी काच वर करून पुढे गेलो. आरशात दिसले, काकांनी पाय उचलला, बस हलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, "काल गाडीला काम होतं वाटतं?"

मी हो म्हणालो. त्यानंतरही बरेच गुरुवार मी चुकवले. कंडक्टरने नंतर सांगितले, दर वेळी काका दोन मिनिटे मागून घेत. "भाऊ येतायत," म्हणत.

मागच्या कार्तिकात सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागले. मी गाडी काढली. सुमनताई मागे त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. थांबा आला तेव्हा काकांनी डोळे उघडले. "आठची गेली काय गो?"

"अजून यायची हाय, काका."

"मग तू उतर. भाऊ हायत माझ्याबरोबर. तुझा खाडा होईल."

सुमनताई उतरल्या नाहीत. दवाखान्याच्या दारात काका मला म्हणाले, "आज गाडी योग्य कामाला लागली, भाऊ." तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या मुलाने गाडी मुंबईला नेली. फणसाखाली आता माझी असते, सोमवार-गुरुवारचा हिशेब न ठेवता. फेरी अजून चालू आहे. या महिन्यात पुन्हा बंद होण्याची बोलणी आहेत. शेजारच्या प्रवीणने मंगळवारी येतो असा शब्द दिला होता. काल मंगळवार. सुमनताई आत बसल्या. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि विचारले, "सर, निघायचं?"

उतारावरून प्रवीणची गाडी वर आली. काच बंद होती. थांब्याजवळ ती जरा मंदावली, मग पुढे निघून गेली.

मी पायरीवरचा पाय उचलून आत आलो. "चला," म्हटले, "पुढच्या मंगळवारी दोन मिनिटं थांबू."