‘चालतंय’ न चालवून घेणारे आबा

आमच्या लोणी देवकरच्या दुधाचे कॅन बनवणाऱ्या कंपनीत ‘चालतंय’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. मालकांची नव्हे, आबांची. आबा म्हणजे बारामतीजवळच्या कन्हेरीहून येणारे आमचे क्वालिटी इन्स्पेक्टर. आता मला सांगा, इंदापूर-बारामतीकडच्या माणसानं ‘चालतंय की’ म्हणायचं नाही, तर तोंड उघडायचं तरी कशाला? पण दुधाच्या कॅनवर जरासा ओरखडा दिसला आणि कुणी ‘चालतंय की आबा’ म्हणालं, की आबा कॅन खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, “कुणाला चालतंय? नाव सांग.” काय नाव सांगणार, कपाळ!

दुसरा छळ गिऱ्हाइकाचा. आबांच्या मते गिऱ्हाईक डेअरीत नसतं, शेजारच्या टेबलावर असतं. मी मशीनवर झाकणात रबरी रिंग बसवून कॅन पॅकिंगच्या सुमनताईंकडे सरकवायचो, तर म्हणत, “त्या तुझ्या गिऱ्हाईक हायत. गिऱ्हाइकाकडं असं ढकलत्यात व्हय?” तेव्हापासून सुमनताई माझ्याशी गिऱ्हाइकाच्याच तोऱ्यात बोलू लागल्या.

मी तेव्हा कंत्राटावर होतो. इंदापूर तालुक्यातल्याच कळंबहून रोज मोटारसायकलवर यायचो, आणि कायम होणाऱ्यांच्या यादीत एकदाचं माझं नाव लागलं होतं. नेमका तेव्हाच आबांनी भरलेला ट्रक गेटवर अडवला. एक झाकण गळत होतं. एक! मालक ओरडत होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि आबा सगळे कॅन खाली उतरवून घेत होते.

मग त्यांनी माझा तपासणीचा तक्ता मागवला. दर दोन तासांनी पाच कॅन पाण्याच्या टाकीत बुडवून गळती बघायची आणि तक्त्यात ‘ठीक’ लिहायचं, असा नियम. मी आठवड्याचा तक्ता एकदम भरून टाकत असे, सगळेच टाकत. पण मी गाढवानं गुरुवारीही ‘ठीक’ लिहिलं होतं. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते.

मालक म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” आबांनी मात्र माझ्यासमोर स्टूल ओढलं.

“कॅन बुडवलं का न्हाईस?”

“येळ न्हवता आबा.”

“का?”

“टाकी शेडच्या पार तिकडच्या टोकाला हाय. जाऊन येस्तवर मशीन बंद पडून ऱ्हातं.”

“टाकी तितं का?”

“पहिल्यापासनं तितंच हाय की!”

माझी नोकरी चालली होती आणि हा माणूस टाकीची चौकशी करत होता! त्यांनाच त्या टाकीत बुडवावं असं मला वाटलं.

आबा उठले आणि मालकांना म्हणाले, “साहेब, ह्याला काढायचं तर काढा. पर टाकी तितंच ऱ्हायली, तर नवा गडी बी गुरुवारी ‘ठीक’च लिहील.”

टाकी माझ्या मशीनशेजारी आली. मी कायम झालो. गाडी उशिरा गेल्याचं खापर मात्र आबांवर फुटलं. त्यांची साठी उलटलेली, म्हणून ते करारावर होते; त्या कराराची मुदत काही वाढली नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांना बारामतीच्या एसटीत बसवायला गेलो. मला राहवेना. म्हणालो, “आबा, माज्यापायी तुमची नोकरी गेली.”

“तुज्यापायी कशाला? झाकण गळत हुतं.”

जाता जाता तरी माणसानं एक गोड शब्द बोलावा की नाही? एसटी सुटली आणि मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.