मास्तरांचे चार सूर

मास्तर एक ओळ दोनदा सारखी वाजवत नसत. वीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेटवर जॅझ वाजवलेला माणूस. हॉटेलातलं काम सुटलं आणि आणीबाणी उठली त्या सुमारास ते आमच्या यंत्रमागांच्या गावात, कामतघरच्या लग्नाच्या बँडमध्ये आले. वरातीत पोरांचे पाय कुठे जमायला लागले की हे सूर घेऊन भलतीकडेच! वर आम्हालाच सुनवायचे, "तेच तेच करायला लूम हाय ना, मॅन."

मी मोठा ढोल वाजवायचो, चालायचो त्यांच्या शेजारीच. त्यामुळे मास्तर वरचे सूर टाळताहेत हे आधी मला कळलं. विचारलं तर त्यांनी ओठ उचलून दाखवला. पुढचे दोन दात हलत होते, आणि वरच्या सुराला ट्रंपेट दातांवर दाबून धरावं लागतं. "ऊपर का बंद. किसीको बोलने का नहीं." दात काढले तर ट्रंपेट टेकवायचं कशावर?

पुढच्या शुक्रवारी सुटीमुळे लूम बंद, सगळा निजामपुरा मोहल्ला रस्त्यावर, आणि आमची वरात. मास्तरांनी खालचे चारच सूर घेतले. आखूड, तोडलेले, माझ्या ठोक्यांच्या मधे नेमके बसवलेले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ऐकणाऱ्याची कंबर आपोआप हलायची. म्हातारेसुद्धा नाचले. "मास्तर, आता कसे लायनीवर आलात!" बँडचा मालक खूश. म्हाताऱ्याला नवी हवा लागली, असंच सगळ्यांना वाटलं. मास्तर ओठ मिटून हसले.

खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडलं होतं. "इतना कम बजाके इतना पब्लिक कभी नहीं नाचा," म्हणताना लाजले होते चक्क. पण मग जो तो तेच मागू लागला, दोन-दोन तास. दात वाचवायला काढलेली चाल दातांच्याच मुळावर आली. मला दिसत होतं, आणि ठोका मीच देत होतो.

पडघ्याजवळच्या एका गावात नवऱ्याच्या मामाने बजावलं, "नवरी घरात जाईपरत थांबायचा न्हाय हां!" दार शंभर पावलांवर असताना ट्रंपेट बंद पडलं. मास्तरांचा हात तोंडावर होता, बोटांमधून रक्त येत होतं. मी ढोल थांबवायला गेलो, तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला पुढे ढकललं. "बजा, मॅन."

क्लॅरिनेटवाल्याने ते चार सूर उचलले. नाचणाऱ्यांतल्या एकानेही मागे पाहिलं नाही. मास्तर रस्त्याकडेला बसले, आणि आम्ही त्यांना तिथेच सोडून, त्यांचेच सूर वाजवत, नवरीला दारापर्यंत नेलं.