जर्मनीच्या गोलकीपरची मुलगी

नॉटिंगहॅमला मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन पेशंट बघते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: बरं झाल्यावर काय करता यायला हवं? कुणी दुकानापर्यंत चालायचं म्हणतं, कुणी बागकाम. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या नव्वदीच्या एका बाईंनी मात्र सांगितलं, "जर्मनीत चार पायऱ्या चढायच्यात. माझ्या वडिलांच्या क्लबच्या."

त्यांचे वडील पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे गोलकीपर होते. तेव्हा फुटबॉलवर पोट भरत नसे. आठवडाभर चामड्याच्या दुकानात काम आणि रविवारी मॅच. युद्धात ते जर्मनीसाठी लढलेसुद्धा. पुढे नाझी आले. ज्यू म्हणून क्लबने त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं, भिंतीवरचा फोटो उतरवला. बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन ते इथे आले, हातमोज्यांच्या कारखान्यात लागले.

"घरी फुटबॉलचं नाव काढत नसत," बाई म्हणाल्या. "पण पार्कात कुणाचा बॉल अंगावर आला, की झेप घ्यायचेच. चांगल्या कोटासकट! आई जाम चिडायची."

आता तोच क्लब तो फोटो पुन्हा लावणार होता.

दहा आठवडे आम्ही त्यांच्या घरच्या जिन्यावर सराव केला. एकदा दमून त्या मटकन खाली बसल्या. मी म्हटलं, "तिथे रॅम्प असेल हो. विचारू का?"

"नको. मी पुढच्या दाराने जाणार. माझ्या पायांनी."

त्यांना मूलबाळ नव्हतं. मॅनेजरला सांगून मी रजा घेतली आणि जर्मनीला त्यांच्या सोबत गेले.

पायऱ्यांपाशी मी हात पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. काठी टेकत, आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. तिसऱ्या पायरीवर त्या डगमगल्या. पण सावरल्या आणि चढून गेल्या.

आत भिंतीवरच्या फोटोत जाड स्वेटर घातलेला, विशीतला, कान पुढे आलेला एक तरुण होता. बाई त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. क्लबच्या अध्यक्षांनी माफी मागितली. "उशीर झाला," बाई म्हणाल्या, "पण मी आहे ऐकायला."

मग अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही यांच्या कुटुंबातल्या?"

मी नाही म्हणायच्या आत बाईंनी माझा दंड धरला. "ही माझी कोच," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नागपूरला आईला फोन केला, तेव्हा मी हे वाक्य तिला दोनदा सांगितलं.